पाळण्याची कडी

मला एका जागी बसवत नाही, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. त्यात लेक पहिल्या बाळंतपणाला लातूरहून आमच्याकडे मुदखेडला आली आणि बायको म्हणाली, "बारशाला पाळणा तिच्याच खोलीतल्या कडीला बांधायचा. तिचाबी तिथंच होता." झालं, माझ्या पायाला भिंगरी लागली.

ती कडी छताच्या कैचीत आहे. पत्रे पेलणारे दोन तिरपे वासे, त्यांना खाली जोडणारं आडवं लाकूड आणि त्या लाकडाला मधोमध वरून धरून ठेवणारा उभा खांब. कडी आडव्या लाकडात. उभा खांब मात्र दहा-बारा वर्षांपूर्वी मीच करवतीनं कापला होता. उन्हाळा सरला की कूलर माळ्यावर टाकायचा, तेव्हा तो मधे यायचा, एवढंच कारण. शिडी बायकोनं धरली होती.

सुतारानं वर चढून बॅटरी मारली. "लाकूड वाकलंय की हो. खांब कुनी कापला?"

"घर घेतलं तेव्हापासून तसंच आहे," मी म्हणालो. बायको चहा गाळत होती. तिनं माझ्याकडं फक्त पाहिलं.

"ज्यानं कापला त्याचं डोस्कं तपासाया पायजे," सुतार म्हणाला. मीही निर्लज्जासारखी मान डोलावली.

त्यानं खालून बल्लीचा टेकू देऊन वाकलेलं लाकूड उचललं, सागाचा नवा खांब बसवला, लोखंडी पट्ट्या आवळल्या, दोन्ही अंगांनी जाड फळ्या बोल्टनं जोडल्या. "आता बिनघोर ऱ्हा," म्हणाला आणि गेला. पण बिनघोर राहणं माझ्या स्वभावात कुठं? दिवसातून चारदा माळ्यावर जाऊन मी बोल्ट चाचपत होतो.

"बाबा, स्टँडचा पाळणा आणू की," लेक म्हणाली. मला तेच हवं होतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं.

एका दुपारी न राहवून कडीला तुरीचं पोतं टांगलं आणि झोका दिला. बायको धावत आली. "अहो, लेकरू यायच्या आधीच काय झुलवून राहिले? काढा ते!" काढलं. शंका तिथंच लटकत राहिली.

नात झाली. बाराव्या दिवशी आधी वरवंटा पाळण्याखालून-वरून फिरला, मग नात पाळण्यात गेली. बाया पाळणा म्हणत होत्या, आत्या बाळाच्या कानाशी वाकली होती, आणि मी मान वर करून त्या पट्ट्यांकडं बघत होतो. कुठं करकर ऐकू येते का, एवढ्याकडंच कान.

"बाबा, नाव आवडलं का?" लेकीनं विचारलं.

मी गडबडलो. नाव मी ऐकलंच नव्हतं. मग सगळंच तोंडातून निघालं. खांब मी कापला, सुताराशी खोटं बोललो, महिनाभर डोळ्याला डोळा नाही.

"आईनं सांगितलंय मला," ती हसून म्हणाली. "पण बाबा, माझी खाट इथंच होती की. लग्न होईस्तोवर मी याच लाकडाखाली झोपले."

तिनं पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली. ती हसतच होती. मला काही हसता आलं नाही. तेवढ्या वर्षांत मी एकदाही वर पाहिलं नव्हतं.