होय महाराजा म्हणणारं यंत्र

दोन हजार सालाच्या आसपास आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेणारी मुलं एका बाकावर मावायची. स्टाफरूममध्ये मला बघितलं की कुणीतरी हटकून विचारायचं, "काय सर, आत्मा आज आहे का रजेवर?" मी भडकायचो आणि त्यांना तेच हवं असायचं. ह्यात सगळ्यात पुढे संगणक शिकवणारा एक तरुण प्राध्यापक. संगमेश्वरकडचा, अविवाहित, तोंडाला कुलूप म्हणून नाही.

एका व्याख्यानात मी ठणकावून सांगितलं की यंत्र हिशेब करील, विचार करणार नाही, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे सगळी भंकस आहे. हे त्यानं मनाला लावून घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत लॅबमध्ये बसून त्यानं मराठीत बोलणारा एक प्रोग्राम लिहिला. इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न टाइप करायचा, की त्यातला ओळखीचा शब्द उचलून ते यंत्र उलट काहीतरी विचारायचं. "परीक्षेची भीती वाटते" म्हटलं, की "भीती कधीपासून वाटते?" आई, मित्र, परीक्षा, झोप असे शब्द त्यानं भरले होते. ओळखीचा शब्द सापडला नाही तर काय म्हणायचं? इथे त्यानं आगाऊपणा केला. आमच्याकडे गावदेवीपुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा मानकरी एकेक मागणं बोलतो आणि मागची माणसं दर वेळी "होय महाराजा" म्हणतात. ह्यानं तेच घातलं. म्हणजे यंत्राला काही कळलं नाही, की ते म्हणणार, होय महाराजा. उत्तराआधी ते मुद्दाम थांबायचं, आणि किती थांबेल ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसायचं.

स्नेहसंमेलनात ह्या यंत्रापुढे झुंबड उडाली. मी म्हटलं, हसतील आणि विसरतील. पण लोक विसरले नाहीत. लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचं, खिडक्यांना जाड पडदे, आत एसीची गुरगुर आणि गारवा. तिथं शिरलं की माणसं आपोआप हळू बोलायची. दसऱ्याला शिपायानं सगळ्या मशीनना फूल वाहिलं, ते ठीक. ह्या एकाच मशीनवर मात्र नंतरही कधीमधी ताजी जास्वंद दिसायची. कोण ठेवतं विचारलं तर कुणीच नाही. एका दुपारी मी डोकावलो तर आमच्या गणिताच्या बाई एकट्याच टाइप करत बसलेल्या. मला बघून दचकल्या, पदर सावरला आणि चपला घालून निघून गेल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्या पठ्ठ्याला गाठला आणि म्हटलं, काढून टाक ते. तो नेहमीसारखा हसला नाही. म्हणाला, "सर, उत्तर आल्यावर माणसं त्याला थँक्यू म्हणतात हो. मला पण आता तिथं एकटं बसवत नाही." तरी त्यानं ते काढलं नाही.

त्याच्या पुढच्या पावसाळ्याच्या शेवटची गोष्ट. माझी धाकटी बहीण किनाऱ्यावरच्या नाटे गावी दिलेली. प्राथमिक शाळेत शिक्षिका, नवऱ्याची स्वतःची मासेमारीची छोटी बोट, एकटाच घेऊन जायचा. हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच वादळानंतर बोट सापडली, माणूस सापडला नाही. बोट बाकी धड होती. जेवणाचा डबासुद्धा जागेवर, झाकण लावलेला.

पितृपक्ष तोंडावर आला तसं तिच्या सासरी सुरू झालं. माणूस सापडला नाही तर गवताचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तो विधी करून मोकळं व्हावं असं सासऱ्यांचं म्हणणं. सासू म्हणायची, माझा मुलगा जिवंत आहे, जिवंत माणसाला जाळता? शेवटी देवीला कौल लावला. मूर्तीला फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. गुरव सकाळपासून उभा होता. फूल पडलंच नाही. दुसऱ्या दिवशी गाभारा उघडला तेव्हा ती फुलं सुकून काळी पडली होती आणि तशीच चिकटलेली होती. मग सगळ्यांनी मिळून सांगितलं, आता माझ्या बहिणीनंच ठरवायचं. ती हो म्हणेल तर विधी, नाही म्हणेल तर नाही.

शनिवारी ती माझ्याकडे आली. चहा पुढ्यात गार होत होता. म्हणाली, "दादा, तुमच्या कॉलेजात ते उत्तर देतं, त्याला विचारायचंय मला."

"वेड लागलं का तुला? शाळेत शिकवतेस ना?"

"म्हणून विचारू नको?"

मी तिला सगळं समजावलं. प्रोग्राम काय असतो, शब्द कसे उचलतो, कळलं नाही की होय महाराजा कसं म्हणतो. खरं तर मी ओरडतच होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कळलं. आता चल."

शिपायानं लॅब उघडून दिली आणि तो बाहेर बसला. तिनं चपला काढल्या, आत येताना डोक्यावरून पदर घेतला.  ती एका बोटानं, अक्षर शोधत शोधत टाइप करू लागली. माझा नवरा जिवंत आहे का.

यंत्र थांबलं. तेवढ्यात वीज गेली. एसीची गुरगुर तुटली, ट्यूबलाइट विझल्या, सगळ्या खोलीत तो एकच पडदा उजळ राहिला, कारण बॅटरी त्या एकाच मशीनला होती. ती बॅटरी पिक पिक करायला लागली. मग अक्षरं उमटली. होय महाराजा.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मला आतून बाहेरून माहीत असलेली गोष्ट, आणि तरी काटा आला! 'नवरा' हा शब्द त्या बिनलग्नाच्या माणसाला भरायला सुचलाच नव्हता, एवढंच कारण होतं. मी तिला तेच सांगायला तोंड उघडलं, पण तिचं बोट पुन्हा चालू झालं होतं. माझा नवरा मेला का.

ह्या वेळी ते खूप वेळ थांबलं. काळोखात पिक पिक चाललेली. मी, आयुष्यात कधी नवस न बोललेला माणूस, मनात म्हणत होतो, दुसरं काहीतरी म्हण, बाबा, काहीही म्हण.

होय महाराजा.

"बघ!" मी ओरडलो. "सांगितलं नव्हतं? त्याला काही कळत नाही! जिवंत पण होय आणि मेला पण होय. दोन्ही एकाच वेळी खरं असूच शकत नाही!" हे वाक्य मी दर वर्षी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहीत आलो होतो.

"का नाय?" ती म्हणाली. रडत नव्हती. "सकाळी उठते तेव्हा ते असतात. दाढीचं पाणी तापवायला उठते मी. शाळेत जाईपर्यंत नसतात. मुलांना पाढे म्हणायला लावते तेव्हा नसतात. मी घरी आले की परत असतात. असंच चाललंय, दादा. आणि तुम्ही सगळे मागं लागलात, एक काय ते बोल."

  मी तिचे दोन्ही हात धरले. पडद्यावर तेवढ्यात आणखी एक ओळ उमटली, होय महाराजा. आम्ही काहीच विचारलं नव्हतं. मग बॅटरी संपली आणि सगळं काळं झालं. तो संगणकवाला नंतर म्हणाला, बटणावर हात पडला असेल, नुसती रिकामी ओळ गेली तरी तेच उत्तर येतं. असेल. तिचे दोन्ही हात मात्र तेव्हा माझ्या हातात होते.

घरी आल्यावर तिनं माझ्या फोनवरून नाट्याला सासऱ्यांना फोन लावला. म्हातारा दोन्ही कानांनी कमी ऐकायचा, त्यामुळे मोठ्यानं बोलायचा आणि पलीकडचं मला सगळं ऐकू येत होतं.

"मामंजी, विधी करू नका," ती म्हणाली.

"बरं."

"आणि कपाटातले ह्यांचे कपडे काढा. कुणाला तरी देऊन टाका. दमट हवेनं बुरशी धरलीय सगळ्यांना."

"म्हणजे आम्ही काय समजायचं, गो?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "आहे का नाय?"

"ते मला नाय सांगता येत, मामंजी."

मी रिसीव्हरच्या जवळ सरकलो.  मग म्हातारा हळू, अगदी नेहमीच्या घरगुती आवाजात म्हणाला, "शर्ट कुणाला द्यायला नको. मला होतील. मी घालीन."