बाबांचे इंग्रजी हेरपट

मी लंडनला निघाले तेव्हा खांदा कॉलनीत आमच्या बिल्डिंगखाली टॅक्सी उभी होती. आई माझ्या बॅगेत सुकटीची पिशवी दाबून बसवत होती आणि बाबा शेवटचा सल्ला देत होते, "तिकडं धुकं लय असतं, बाय. मागून कोण येतं का, बघत जा."

बाबांचं लंडन हे असं होतं. आम्ही मूळचे गव्हाणचे, मिठागरवाले; जमिनी गेल्यावर कॉलनीत आलो. मामा जहाजावर होता. तो येताना जुन्या इंग्रजी हेरपटांच्या कॅसेट आणायचा. काळेपांढरे, रेनकोटातले साहेब, आगगाडीतले पाठलाग. बाबांना इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं. ते आवाज बारीक करायचे आणि गोष्ट स्वतःच सांगायचे. आम्हा पोरांचा लाडका होता गणू, एका सिनेमातला साहेबाचा काळा नोकर. हे नाव बाबांनीच ठेवलेलं. बाबांच्या गोष्टीत गणू येड्याचं सोंग घ्यायचा आणि शेवटी साहेबाच्या पायाशी वाकायचा, कारण साहेबाच्या बुटात पिस्तूल लपवलेलं असायचं! आम्ही टाळ्या पिटायचो.

आता मला इथे येऊन बरीच वर्षं झाली. घर झालं, पासपोर्ट बदलला. गेल्या वर्षी आईबाबा राहायला आले. आमच्या भागातल्या छोट्या थिएटरला जुने सिनेमे लागतात. पोस्टरवर गणूचा साहेब दिसला आणि मी हरखून तिकिटं काढली. आईला थंडी सोसेना, म्हणून बाबा आणि मी दोघंच गेलो. बाबा नवा स्वेटर घालून, केस चापून बसवून निघाले.

या खेपेला आवाज मोठा होता आणि मला इंग्रजी येत होतं. गणू म्हणजे तोंडाला रंग फासलेला एक गोरा नट निघाला. तो मोडकंतोडकं बोलला की लोक हसत होते. शेवटी तो पैशासाठी फितूर झालेला पकडला जातो, साहेबाच्या बुटांना मिठी मारून जिवाची भीक मागतो. साहेब काहीतरी बोलला आणि सगळं थिएटर खळखळून हसलं.

"काय बोलला तो?" बाबांनी हळूच विचारलं.

"बूट सोड म्हणाला. आत पिस्तूल आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते पुन्हा पडद्याकडे वळले. बाहेर पडताना एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना हसून विचारलं, सिनेमा आवडला का? "व्हेरी नाइस," बाबा म्हणाले. मला धरणी दुभंगावी असं झालं.

बसस्टॉपवर ते म्हणाले, "माझीच गोष्ट मला सांगतेस व्हय? हाय तसं सांग."

"कुत्रा म्हणाला त्याला. पाय चाट म्हणाला."

"माणूस कवा पाया पडतो आणि कवा पिस्तूल शोधतो, ते कळायला इंग्रजी कशाला लागतं? पण तुमी पोरं समोर बसलेली. तुमच्यादेखत त्याला कसा रडवू?" थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुला इथं कोण असं बोलतं का?"

"नाय, बाबा."

खरं तर ऑफिसात मॅनेजर मीटिंगमध्ये माझ्या बोलण्याची नक्कल करतो. सगळे हसतात आणि सगळ्यांत आधी मी हसते. त्या रात्री बाबा शेजारच्या खोलीत घोरत होते आणि मी लाजेनं उशीत तोंड खुपसून पडले होते. ज्या माणसानं पडद्यावरच्या नोकरालाही आमच्यासमोर रडू दिलं नाही, त्याची मी मुलगी.

ते परत गेल्यावर एका रविवारी फोनवर मी बाबांना मॅनेजरचं सगळं सांगून टाकलं. कॉलनीतल्या रिक्षांच्या आवाजात नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

"आणि तू काय करतेस?"

"हसते."

"नको हसू," बाबा म्हणाले. "काय व्हायचं ते होऊ दे. नोकरी गेली तर गेली. आमी हाय ना."

परवा मीटिंगमध्ये मॅनेजरनं पुन्हा नक्कल केली. मी हसले नाही, त्याच्याकडे पाहत राहिले. हसणारे एकेक करून थांबले. नोकरी अजून आहे, पुढचं माहीत नाही. गव्हाणचं घर गेलं, मिठागरं गेली, खांदा कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये मी फार थोडी राहिले. तरी घर म्हटलं की आता मला तिथल्या खिडकीपाशी फोन कानाला लावून, माझ्या बोलण्याची वाट बघत बसलेले बाबा दिसतात.