रियाजच्या तीन लेव्हल

रियाज गेल्याचा फोन आला तेव्हा मी टेबलावर आमच्या खेळाचा नकाशा पसरत होतो. रविवारची सकाळ. त्याची धाकटी बहीण शबाना इगतपुरीहून बोलत होती. "प्रसाददादा, भाई गेला... हार्ट अटॅक." त्याला दीड महिना झाला. त्याच्या चांगुलपणाबद्दल लिही, असं मित्र म्हणतात. पण त्यासाठी आधी मला माझा हलकटपणा सांगावा लागेल.

गंगापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं रविवारी दुपारी खेळायला बसायचो. हा खेळ गोष्टीचा. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि अडेल तिथं फासे टाकून निकाल लावतात. सूत्रधार मी. पात्र संकटांतून तावून सुलाखून निघालं की त्याची लेव्हल वाढते. एकेक लेव्हल चढायला महिने जातात. रियाज रेल्वेत असिस्टंट लोको पायलट. ड्यूटी नसेल त्या रविवारी हमखास यायचा. मधुरा आणि निखिल यांनी तलवारबाज घेतले होते. रियाजचं पात्र होतं हकीम बदर, जखमींवर उपचार करणारा. तीन वर्षांत त्यानं बदरला नवव्या लेव्हलपर्यंत नेलं होतं.

गेल्या वर्षी एका रविवारसाठी मी दोन आठवडे खपून एक लढाई रचली होती. थडग्यातून उठलेला राजा, त्याचं सैन्य, सगळं. राजा समोर आला आणि रियाज म्हणाला, बदर त्याच्याशी लढत नाही, त्याची जुनी जखम बघतो. मधुरा, निखिल खूश झाले. माझी लढाई बाजूलाच राहिली, ते दोघं राजाच्या जखमेबद्दल रियाजलाच विचारू लागले... मला ते सहन झालं नाही. मी जाहीर केलं, की राजाचा हात लागताच बदरच्या तीन लेव्हल गेल्या.

नियमात तसा स्पर्श आहे. पण फासा टाकून तो परतवायची संधीही आहे, आणि गेलेल्या लेव्हल उपचारानं परत मिळतात. मला हे पाठ होतं. रियाजनं शांतपणे बदरच्या कागदावरचा नऊ रबरानं खोडून सहा लिहिला. मग विचारलं, "परत मिळवायचा काही मार्ग?"

"नाही," मी म्हणालो. "नियम म्हणजे नियम."

पुढच्या वर्षभरात मधुरा-निखिलची पात्रं अकराव्या लेव्हलला पोचली आणि बदर त्यांच्या मागे उभा राहून पट्ट्या बांधत राहिला. पहिले काही आठवडे मला बरं वाटलं, हे कबूल करतो. नंतर लाज वाटू लागली. पण जितका उशीर झाला तितकं बोलणं अवघड होत गेलं, आणि रियाजनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

रियाज गेल्यावर भेटायला इगतपुरीला गेलो तेव्हा शबाना त्याच्याबद्दल सांगत होती. गेल्या वर्षी रेल्वेच्या मेडिकल तपासणीत त्याचे डोळे नापास झाले, इंजिनवरून काढून त्याला ऑफिसात टेबलावर बसवलं. आम्हाला त्यानं फक्त "बदली झाली" असं सांगितलं होतं. कधीची गोष्ट, मी विचारलं. तिनं सांगितलं. मी बदरच्या लेव्हल काढल्या तो रविवार त्याच आठवड्यातला होता. मला तिथं बसवेना. तिला तो नियम सांगितला, मी काय लपवलं तेही.

ती म्हणाली, "त्याला माहीत होतं, दादा. त्यानं मोबाईलवर वाचलं होतं. मी म्हटलं, मग बोल ना. तर म्हणाला, सगळ्यांसमोर प्रसादची मान खाली जाईल. आणि सहाव्या लेव्हललाही पट्टी बांधता येते."

गेल्या रविवारी मधुरा आणि निखिलला सगळं सांगितलं. निखिल उठून गॅलरीत गेला. मधुरा म्हणाली, "त्याला सांगायला हवं होतंस."

त्याची खुर्ची अजून खिडकीपाशीच आहे. शेवटच्या काही महिन्यांत तो ती उजेडाकडे ओढून घ्यायचा आणि फासा उचलून डोळ्यांशी नेऊन आकडा वाचायचा. नीट टेबलाशी बस, असं मी वैतागून म्हणायचो. तो म्हणायचा, "इथून बरं दिसतं रे." का, ते मी एकदाही विचारलं नाही.