एका टिचकीत फाईल

माझ्या चुलतभावाचं, वसंताचं, वाईट व्हावं असं मला कधीच वाटलं नाही. फक्त त्याचा कॉम्प्युटर बिघडावा एवढंच वाटायचं.

नाते गावाजवळच्या आमच्या खेड्यात मी ग्रामस्थ मंडळाचा सेक्रेटरी, वसंता उपसेक्रेटरी. दोघांच्या कॉम्प्युटरवर एकच लिनक्स प्रणाली. पण सभेत कुणी "पालखीचा ठराव काढा" म्हटलं की मी फोल्डरमागून फोल्डर उघडत बसायचो आणि वसंता एक शब्द टाइप करून टिचकीत ठराव काढायचा! माझ्या पोटात दुखायचं (खरंच दुखायचं!). त्यात यंदा सेक्रेटरी बदलायचं घाटत होतं.

मग मीही सेटिंगमध्ये शिरलो. इंडेक्सिंग चालू केलं की कॉम्प्युटर पडद्यामागे फायली वाचून कुठे काय आहे याची यादी करून ठेवतो. वसंताने मोजकेच फोल्डर दिले असतील. मी सगळे दिले. आतल्या मजकुरासकट! दोन दिवस पंखा घरघरत होता.

"अवो, आत कशेडीच्या घाटात ट्रक चढतोय का काय?" बायको म्हणाली.

"वाचतोय तो. बोलू नकोस!"

रविवारी सकाळी सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षाने देवळातल्या सभेला पोचलो, मोठा टीव्ही जोडला. "विचारा काय हवं ते!"

अध्यक्ष आबा म्हणाले, "वसंताच्या सत्काराचा फोटो काढ."

पुन्हा वसंताच! दात-ओठ खात 'वसंत' टाइप केलं. क्षणात फाईल आली (त्याच्यापेक्षा लवकर!). न बघताच मी ती उघडली.

आबा टीव्हीवरून मोठ्याने वाचू लागले, "उपसेक्रेटरी वसंत हा अत्यंत आगाऊ इसम असून त्यास कोणतेही पद देऊ नये. आपला, एक गावकरी... अरे, ह्ये तर मला पोस्टानं आलेलं निनावी पत्र हाय!"

"व्हायरस आहे, आबा!"

"व्हायरस आपल्या गावचा गावकरी कवा झाला रे?"

सेक्रेटरीपद जागच्या जागी वसंताकडे गेलं.

बाहेर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, वाईट नको वाटून घेऊ. मी पन तुज्यावर तीन पत्रं लिवलीत."

"मग तुझी कशी नाही सापडली?"

"तो फोल्डर इंडेक्सिंगमधनं वगळलाय ना! सेटिंगमधे खालीच हाय बघ."

पद गेलं, अब्रू गेली, त्याचं काही नाही हो. पण त्याने तीन लिहिली आणि मी एकच!