टॉल, टॉलर आणि खिडकीबाहेरचा ताड

"टॉल," म्हणताना बाईंचा हात एका पोराच्या डोक्यावर असायचा. "टॉलर," म्हणताना शेजारच्याच्या. आणि "टॉलेस्ट" म्हणायची वेळ आली की तोच हात सरळ खिडकीबाहेर, शाळेमागच्या ताडाकडे. मग वर्गात बाईंच्याही वर डोकं गेलेला एखादा दांडगा का बसलेला असेना!

नव्वदीच्या अखेरीस मी सातारा सोडून नालासोपाऱ्यात फ्लॅट घेतला आणि गासजवळच्या एका मराठी शाळेत गणित शिकवू लागलो. बाई तिथे इंग्रजी शिकवायच्या. गावातल्याच, शेतीवाडीच्या घरातल्या. शिक्षकांच्या खोलीत त्यांना बसलेलं पाहिल्याचं मला आठवत नाही. चहाचा कप हातात, डोळे दाराकडे, एक घोट झाला की पुन्हा व्हरांड्यात फेरी. त्यांच्याकडे बघता बघता आपलंच काहीतरी करायचं राहून गेलंय असं वाटायला लागे.

'ईआर'पर्यंत त्यांची गाडी झकास चाले. 'ईएसटी' मात्र जित्याजागत्या माणसाला कधी लावायचं नाही. बिगेस्ट म्हणजे तुंगारेश्वरचा डोंगर. स्वीटेस्ट म्हणजे राजेळी केळं, तेही घड उतरवून घरात आल्यावर. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हू इज द टॉलेस्ट इन युवर क्लास?" अख्ख्या वर्गाने खिडकीबाहेर बोट केलं. साहेब बिचारे गजांना नाक लावून, बाहेर कोणता मुलगा शिक्षा भोगत उभा आहे ते बराच वेळ शोधत होते.

कोणी कुणाच्या मुलाचं कौतुक करू लागलं की बाई लगेच आडव्या येत. "बरा आहे म्हणा. पुरे."

तुम्हीही माझ्यासारखेच हसला असतात. एका मधल्या सुट्टीत मी त्यांना जरा जास्तच चिडवलं, तेव्हा त्या पाण्याच्या टाकीशी थांबल्या. एरवी वर्गात शुद्ध बोलणाऱ्या बाई घरच्या बोलीत बोलू लागल्या.

"पयला मुलगा होता मला, सर. सुदृढ बालक स्पर्धेत नंबर काढलेला त्याने. सगळ्यात गुटगुटीत म्हनाले, मांडीवर घेऊन फोटो काढले. त्याच पावसाळ्यात तापाने गेला. तुम्ही म्हनाल, बाई शिकलेल्या, तरी असं कसं. मी पन स्वतःला तेच म्हनते."

त्यानंतर मी बाईंना कधी चिडवलं नाही.

त्या मुलाच्या पाठीवरची लेक आमच्याच शाळेत नववीला होती, आणि पोरगी वाऱ्यासारखी पळायची. खेळाचा तास माझ्याकडेच असल्याने तालुक्याच्या शर्यतीसाठी मी तिची तयारी करून घेत होतो. पहिली येईल तीच जिल्ह्याला जाणार होती, आणि जिल्ह्याला जायचं हे पोरीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बाईंनी आधी साफ नकार दिला. मग लेकीने जेवण सोडल्यावर परवानगी दिली, पण एका अटीवर.

"सर, आई म्हणते दुसरी ये," पोरगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. "दुसरी कसं यायचं? मला येतच नाही ते."

शर्यतीच्या दिवशी बाई मैदानावर आल्या आणि धावपट्टीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या फिरवत होत्या. शिट्टी झाली. "कुठे आहे?" त्यांनी न वळता विचारलं. "पुढे आहे," मी म्हणालो. "किती पुढे?" मला खोटं बोलता आलं नाही. "सगळ्यांच्या पुढे."

तेवढ्यात माणसं ओरडली. पोरगी दोरीला छाती लावून पुढच्याच पावलाला तोंडावर पडली होती.

बाई वळल्या. त्यांचा चेहरा मला आजही नीट सांगता येत नाही. चप्पल तिथेच टाकून त्या धावत सुटल्या आणि त्यांच्या मागे मी.

आम्ही पोचेपर्यंत पोरगी उठून बसली होती. गुडघा फुटलेला, दातांत माती, आणि हसत होती. "आई, पयली आले!" वर भोंग्यातून निवेदक बेंबीच्या देठापासून सांगत होता, "तालुक्यातली सर्वांत वेगवान मुलगी!" एकदा सांगून त्याचं समाधान होत नव्हतं. मला वाटलं, आता बाई त्याच्या हातातला माईक हिसकावून घेतात.

पण बाई लेकीसमोर मातीतच गुडघे टेकून बसल्या. तिच्या गुडघ्यावरून, कपाळावरून हात फिरवला. मग स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि एवढ्या माणसांदेखत त्या घोडनवरीच्या कानामागे तीट लावली. काजळ ओलं होतं, ते खाली ओघळलं. पोरगी लाजली, पण मान तशीच वळवून बसून राहिली.

"जिल्ह्याला कधी जायचं, ओ सर?" बाईंनी विचारलं. लेकीचं मनगट त्यांनी घट्ट धरलं होतं.