इंगवले बाई आणि पडदा नसलेलं हॉटेल

इंगवले बाई हॉटेलात शिरल्या की आधी मेनूकार्ड मागत नसत. गल्ल्यावरच्या माणसासमोर उभ्या राहायच्या आणि आख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "पावणं, बायकांचं संडास कुठं हाय?" तो बिचारा गडबडून बोटानं दाखवायचा. बाई आत जाऊन कडी लावून बघायच्या, नळ सोडून बघायच्या आणि बाहेर येऊन निकाल द्यायच्या, "ही जागा अशी, तर सैपाकघर कसलं असंल? चल सुजाते." की आम्ही पुन्हा स्कूटीवर. असं एका महिन्यात मी त्यांच्याबरोबर सात-आठ हॉटेलांतून उपाशी बाहेर पडले आहे.

आमची प्राथमिक शाळा गडमुडशिंगीच्या अलीकडे. मी गारगोटीकडून बदलून आले तेव्हा बाई तिथं चांगल्या मुरलेल्या होत्या. उंच, हाडापेरानं दणकट, इस्त्रीची सुती साडी आणि पायात पुरुषी वाटावी अशी जाड चप्पल. पुस्तकी भाषा त्यांनी फळ्यापुरती ठेवली होती. खरं सांगते, पहिले सहा महिने मला त्या अजिबात आवडल्या नाहीत. माझा डबा उघडून "ही भाकरी रात्रीची हाय न्हवं?" असं सगळ्यांसमोर विचारणाऱ्या बाईवर कोण माया करणार? भाकरी रात्रीचीच असायची, म्हणून जास्त राग यायचा.

शाळेत पोरांची खिचडी शिजवायला हौसामावशी होत्या. दोनशे पोरांची पोटं भरायची, मोठाली पातेली घासायची, आणि मग पातेल्याच्या बुडाला राहिलेली गार खिचडी ताटलीत घेऊन उंबऱ्यावर बसायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. गुडघे पार गेले होते. त्या वर्षाच्या शेवटी त्यांनी काम सोडायचं ठरवलं आणि निरोपाचं बोलायला हेडसरांनी आम्हाला बसवलं.

"शाल, श्रीफळ, चहा-बिस्किटं," हेडसर म्हणाले. "आणि संध्याकाळी आपली पुरुष मंडळी नेहमीच्या ढाब्यावर."

बाई उठल्या. "निरोप मावशीला आणि मटण तुमाला? ह्ये कुठलं शास्त्र काढलंसा?"

"अहो बाई, बायकांना घेऊन जायचं कुठं? चांगली हॉटेलं सगळी शहरात. मावशींना गुडघ्यांमुळं तेवढ्या लांब जमायचं नाही, आणि इकडं सगळे ढाबेच आहेत."

"मग हिकडंच हुडकतो की! म्हैना हाय हातात."

कोल्हापूरच्या कितीतरी बायकांसारख्या बाईही स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असंच बोलायच्या, आणि त्यांच्या तोंडी ते शोभायचंही. दारात उभ्या असलेल्या हौसामावशी घाबरून म्हणाल्या, "नगं ओ बाई. मी जन्मात कवा हाटेलात गेलो न्हाई."

"म्हणूनच जायाचं," बाई म्हणाल्या. विषय संपला.

शाळा सुटली की स्कूटी बाहेर. मी मागं. का गेले मी? नाही म्हणायची हिंमत नव्हती, दुसरं काय! बाईंच्या अटी ठरलेल्या होत्या. चढायला पायऱ्या नकोत, शेजारच्या टेबलावर बाटल्या नकोत, भाकरी तव्यावरून थेट ताटात आली पाहिजे आणि बायकांना पडद्यामागं बसवणारं हॉटेल नको. हायवेकडेच्या एका ढाब्यावर पांढरा रस्सा असा झकास होता की बाईंनी दोन वाट्या पिऊन तिसरी मागितली. मला वाटलं, सुटलो एकदाचे! पण तिथल्या संडासाला कडीच नव्हती. "रस्सा एक नंबर हाय," बाहेर पडताना बाई हळहळून म्हणाल्या, "पर मावशीनं काय पानी न पिताच जेवायचं?" हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. घराबाहेर पडायचं म्हटलं की आपण बायका सकाळपासून पाणी कमी पितो, हे मला इतकं सवयीचं होतं की त्यात काही वाईट आहे असंही कधी वाटलं नव्हतं.

त्याच रस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलात मॅनेजरनं मोठ्या अदबीनं सांगितलं, "लेडीजसाठी स्पेशल फॅमिली रूम आहे मॅडम." बघितलं तर अंधारी खोपटी, वर कळकट पडदा. बाई म्हणाल्या, "आमी काय चोरी केल्या व्हय, लपून खायाला?"

तिसऱ्या आठवड्यात मी कंटाळले. "बाई, बास झालं आता. पार्सल आणू आणि शाळेतच बसू." बाईंनी उसाच्या कडेला स्कूटी थांबवली. मला वाटलं, आता शिव्या बसणार. पण त्या समोर बघतच म्हणाल्या, "सुजाते, पार्सल आणलं तर ते वाढणार कोण? मावशीच. माझी आई गरम जेवताना मी एकदाबी बघितली न्हाई. एकदाबी. तिला बसवायचं ऱ्हायलं. हिला बसीवणार." त्या रडल्या वगैरे नाहीत. किक मारली आणि निघाल्या. मी मात्र मागं बसून डोळे पुसले, आणि त्यानंतर पार्सलचं नाव काढलं नाही.

शेवटी गडमुडशिंगीच्या पुढं एक साधं हॉटेल सापडलं. नवरा गल्ल्यावर, बायको चुलीपुढं. जमीन सपाट, कडी धड, नळाला पाणी. बाई थेट आत घुसून भाकऱ्या बघून आल्या आणि हसत म्हणाल्या, "जमलं!" सोमवार, गुरुवार, शनिवार कुणाचे ना कुणाचे उपास, म्हणून बुधवार ठरला. शाळेतल्या बायका आणि मावशी धरून आम्ही सात जणी. दोघी शाकाहारी, त्यांच्यासाठी आख्खा मसूर सांगितला.

बुधवारी संध्याकाळी रिक्षातून मावशींना घेऊन पोचलो, तर हॉटेलात कुणाच्यातरी वाढदिवसाची गर्दी. मालकानं आमचं टेबल कोपऱ्यात घातलं होतं आणि पुढं दोरीवर एक हिरवा पडदा ओढला होता. "आजच्या दिवस एवढं सांभाळून घ्या मॅडम. गर्दी हाय, बायकामाणसांना बरं पडंल," तो म्हणाला. आम्ही सगळ्याजणी लगेच म्हणालो, असू दे, चालतंय की. मावशी तर पडदा बघून सुटल्यागत झाल्या.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, वर चढल्या, एकेक कडी काढून पडदा उतरवला, खाली येऊन त्याची शाळेतल्या झेंड्यासारखी नीट घडी केली आणि मालकाच्या हातात दिली. "मळालाय ह्यो. धुवायला टाका." आख्खं हॉटेल आमच्याकडं बघत होतं. मालक हसला बिचारा, करतो काय!

ताटं आली. तांबडा, पांढरा, सुकं मटण, वाफाळती भाकरी. मावशी टेबलाला धरून उठल्या. "तुमाला वाढतो, मग बसतो." आम्ही बसवलं. पाण्याचा जग आला, पुन्हा उठल्या. मसूर आला, पुन्हा. तिसऱ्यांदा बाईंनी काय केलं असेल? मावशींच्या पदराचं टोक ओढून आपल्या खुर्चीवर घेतलं आणि त्यावर बसल्या. नव्वारीचा पदर तो, बाईंच्या वजनाखालून निघणार थोडाच! "आता ऊठ बघू कशी उठत्यास," बाई म्हणाल्या. मावशींनी दोनदा ओढून बघितला. मग त्या हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

"आता रडून रस्सा गार करू नगं," बाई म्हणाल्या. मावशींनी भाकरी मोडली, तांबड्यात बुडवली, पहिला घास घेतला. आम्ही सगळ्याजणी परीक्षेचा निकाल ऐकावा तशा बघत होतो. बराच वेळ चावून मावशी म्हणाल्या, "मीठ जरा कमी हाय." आणि चार भाकरी जेवल्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शाळेतून घरी आल्या, छातीत दुखतंय म्हणाल्या आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. इतक्या दणदणीत बाईंचा आवाज असा एका संध्याकाळी बंद होतो, याचा मला अजून राग येतो.

उत्तरकार्याला बाईंच्या भावाकडं मी हौसामावशींना घेऊन गेले. दारात मांडव, लांब टेबलं, खुर्च्या. पुरुषांची पहिली पंगत बसत होती. आम्ही बायका रिवाजाप्रमाणे भिंतीकडेला उभ्या. मावशी काठी टेकत टेकत सरळ पुढं गेल्या आणि पहिल्या टेबलाची खुर्ची ओढून बसल्या.

बाईंचे भाऊ हळूच येऊन म्हणाले, "मावशी, बायकांची पंगत मागनं हाय."

"म्हाईत हाय की. मला बाईंनी बसीवलंय. त्यांनी उठीवल्याबिगार उठत न्हाई मी."

भाऊ आत गेले. स्वतःच तांब्या आणून त्यांनी मावशींचा पेला भरला. मावशींनी मला हाक मारली, "ये की गं." मी त्यांच्या शेजारी बसले. मागनं आमच्या शाळेतल्या बाकीच्या बायका आल्या, मग बाईंची भाचीही आली.

वाढप सुरू झालं. बाईंची भावजय आमटीची जड बादली एकटी ओढत होती. ते बघून मी सवयीनं मदतीला उठायला गेले. उठताच येईना. माझ्या पदराचं टोक मावशींच्या खुर्चीवर होतं आणि मावशी त्यावर घट्ट बसल्या होत्या. त्या माझ्याकडं बघतही नव्हत्या. बाईंचे भाऊ बायकोच्या हातून बादली घेऊन आमच्यापर्यंत आले, तेव्हा मावशी त्यांना म्हणाल्या, "हिला गरम वाढा."