बारशाची पंगत आणि भरारी पथक

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेल्या ग्रामपंचायत निवडणुकीत मला भरारी पथकाची प्रमुख केलं. हाताखाली एक हवालदार आणि एरवी लग्नाचं शूटिंग करणारा कॅमेरावाला. प्रशिक्षणात साहेबांनी बजावलं होतं, "मतदाराला फुकट जेवू घालणं म्हणजे लाच. दिसलं की शूटिंग करा, पंचनामा करा."

प्रचार संपत आला तेव्हा पवनीकडच्या एका गावातून सरपंचपदाच्या एका उमेदवाराचा फोन आला. त्याच्या विरोधकानं म्हणे गावाला मटणाचं जेवण लावलं होतं. आम्ही पोचलो तर मांडवात पंगत रंगात आलेली. विरोधक हात जोडून पुढे आला.

"या मॅडम, बसा. घरी बारसं आहे."

"कोणाचं?"

"लहान भावाच्या पोराचं. आता बारसं करनं बी गुन्हा आहे काय?"

बारसं हा गुन्हा नव्हता. मी म्हटलं, "बाळ दाखवा."

"झोपून राहिलं आहे."

"झोपलेलंच दाखवा."

आत कुजबुज झाली, मागच्या दारानं कोणीतरी पळालं, आणि जरा वेळानं झेंडूच्या माळा लावलेला पाळणा बाहेर आला. बाळाला चांगले दात होते. पाळण्यात मावेना म्हणून ते उठून बसलं.

"हे बारशाचं बाळ?"

"मुहूर्तच भेटत नव्हता," विरोधकाची आई म्हणाली.

मी नाव विचारलं. एकीनं एक सांगितलं, दुसरीनं भलतंच. तिसरी माझ्यावरच उखडली. "नाव ठेवाले तर बारसं आहे ना, मॅडम!"

तेवढ्यात बाळानं पंगतीत भात वाढणाऱ्या शेजारणीकडे हात पसरले आणि "आई" म्हणून भोकाड पसरलं. तिनं परात ठेवली आणि धावत येऊन पोर उचललं. हवालदार तोंड फिरवून हसला. पंगत मान खाली घालून जेवत होती.

आता सापडले, असं मला वाटलं. पण बायकांनी मला घेरलं. कुंकू लागलं, ओटी भरली, पोर पुन्हा पाळण्यात गेलं आणि दोरी माझ्या हातात आली. "पाळण्याले हात लावून जा, मॅडम. अशाच नोका जाऊ." पोर रडायचं थांबावं म्हणून मी दोरी ओढली. कॅमेरावाला सवयीनं जवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, थोडं हसा."

पंचनाम्याला पंच मिळेना. ज्याला विचारावं तो रश्श्यानं माखलेला हात मागे लपवून सांगे, "मी तर आताच आलो."

तालुक्याला साहेबांनी शूटिंग पाहिलं. त्यात जेवण ओझरतं होतं, मीच सगळीकडे होते.

"मॅडम, छापा घालायला गेला होता की आत्या म्हणून?"

जेवण घालणाऱ्याविरुद्धचा पुरावा संदिग्ध ठरला. माझ्याविरुद्धचा मात्र स्पष्ट होता, त्यामुळे लेखी खुलासा मलाच द्यावा लागला. तो माणूस सरपंच म्हणून निवडून आला.

पुढे विधानसभेच्या वेळी मला पथकातून काढून मतदार जागृतीच्या रांगोळीवर नेमलं, तेही त्याच गावात. मी चिडून फूटभर अक्षरांत लिहिलं: 'आमिषाला बळी पडू नका.' सरपंच गाडीवरून उतरले. शब्द न् शब्द वाचला.

"अक्षर मस्त आहे तुमचं, मॅडम," ते म्हणाले. "चाला, घरी च्या घेऊन जा."